सोलापुरात मरायला घर शोधताना

समस्त आप्तेष्ट, स्नेही, आणि माझ्या रजेच्या अर्जाकडे बघून ज्यांनी भुवया उंचावल्या ते बँकेतले सहकारी यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गेल्या पौष महिन्यात सोलापूर मुक्कामी माझे निधन झाले. निधन भर दुपारी झाले. बातमी कळताच अर्धी गल्ली लोटली. अखेरच्या क्षणी पत्नी समोर होती. मात्र ती माझी नव्हती. निधनानंतर मी दोन वाट्या खीर खाल्ली, तिसरीला नको नको म्हटलं आणि तीही खाल्ली. कोणीही सुतक पाळू नये.

आता सविस्तर सांगतो, कारण पुण्यात परत आल्यापासून ही हकिकत मी जिथं तिथं सांगत सुटलो आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मध्येच उठून चहा टाकायला जातं. कागदावर मला ती सोय आहे की तुम्हाला उठता येत नाही.

शकुंतलेला तुम्ही ओळखता. नावानं नाही तरी रडण्यावरून ओळखाल. गेली वीसेक वर्षं मराठी सिनेमात जी कोणी थोरली जाऊ, सोशिक बहीण किंवा टाकलेली बायको पदराचं टोक तोंडात धरून दाराच्या चौकटीला टेकलेली तुम्ही पाहिली असेल, ती बहुधा आमची शकू. आमची अशासाठी, की तरुणपणी पुण्यातल्या एका हौशी नाटक मंडळीत ती नायिका असायची आणि मी दुसऱ्या अंकात तार घेऊन येणारा पोस्टमन. पुढे ती सिनेमात गेली, मी बँकेत गेलो. दोघांचंही काम दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालायचं. फरक इतकाच की तिच्या रडण्याला लोक तिकीट काढून यायचे आणि माझ्या रडण्याला घरात कोणी विचारायचं नाही.

तर या शकूनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक उद्योग केला. स्वतः गोष्ट लिहिली, स्वतः दिग्दर्शन करायला घेतलं आणि नायिकाही स्वतःच झाली. गोष्ट सोलापुरातल्या एका कापडदुकानातल्या मुनिमाच्या बायकोची. तिचं म्हणणं आयुष्यात कोणी ऐकून घेतलेलं नाही, एवढीच गोष्ट. मला तिचा निरोप आला तेव्हा मी विचारलं, "माझे प्रवेश किती?"

"दोन प्रकारचे," ती म्हणाली. "पहिल्या प्रकारात बायको बोलायला लागली की तू टोपी घालून उठून बाहेर जातोस. दुसऱ्या प्रकारात मरतोस."

मी हे घरी सांगितलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्याची तालीम रोजच चालू आहे. दुसऱ्याचं तेवढं मनाला लावून घेऊ नका."

निघताना पुणे स्टेशनवर एक गृहस्थ मला गाठायला आले. सिनेमाला पैसा लावणारे शेठ. त्यांनी माझ्या हातात एक छोटी बाटली दिली. ग्लिसरीन. डोळ्यांच्या कडांना लावलं की घळाघळा पाणी येतं, सिनेमातलं निम्मं दुःख याच बाटलीत असतं.

"बाईंना द्या," शेठ म्हणाले. "आणि सांगा, शेवटी बाई रडली पाहिजे. नवरा मेला आणि बायको रडली नाही, असलं चित्र मी कुठं लावू? रडका शेवट आणला नाही, तर शेवट मी दुसऱ्याकडून करून घेईन. माझ्याकडं चांगले दिग्दर्शक आहेत."

'चांगले' या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला की गाडी सुटली तरी तो शब्द माझ्यासोबत डब्यात बसून होता.

नवी पेठ

सोलापूरची पहिली ओळख नाकाला होते. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास. दुसरी ओळख कानाला: कुठल्याही गल्लीत शिरा, भिंतीपलीकडे माग खटक-खटक करत असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, गावाला कसली तरी घाई झाली आहे. दुसऱ्या दिवशी तो आवाज थांबला की मीच दचकायला लागलो. ऊन म्हणाल तर पौषातलंसुद्धा पुण्याच्या चैत्राच्या तोंडात मारेल असं. दुष्काळाची वर्षं मागे पडली होती, ज्वारी भरभरून आली होती, सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच झाली होती आणि माणसं खूश होती.

पाहुणचाराबद्दल मी पुणेकर म्हणून काही न बोललेलं बरं. आमच्याकडे पाहुण्याला दारात विचारतात, "जेवूनच आला असाल ना?" सोलापुरात आधी ताट येतं आणि मग विचारतात, "कोण तुमी?"

शकूचं चित्रीकरण नव्या पेठेतल्या एका वकीलसाहेबांच्या घरी चालू होतं. तिथं मी चार दिवस टोपी घालून उठून जात होतो. बैठकीतून उठून गेलो, ताटावरून उठून गेलो, देवघरातून उठून गेलो. प्रत्येक वेळी शकू तोंड उघडायची, "अहो, मी काय म्हणते…" आणि मी चालू पडायचो. कॅमेरा माझ्या पाठीवर आणि तिच्या उघड्या राहिलेल्या तोंडावर. मजा म्हणजे बघायला जमलेल्या बायका दर वेळी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. चौथ्या दिवशी तर वकिलांच्या शेजारीण मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बसा की वो जरा घरात! काय पळताव सारखं?"

मग दुसऱ्या प्रकारच्या प्रवेशाची वेळ आली. शकूनं वकीलसाहेबांना सांगितलं, उद्या यांना मारायचं आहे. आतून वकिलांच्या मातोश्री बाहेर आल्या. हातात शेंगापोळीचं ताट. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेली ती पोळी काय असते हे सोलापुराबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही, म्हणून मी सांगत नाही. ताट आमच्यापुढे ठेवून आई म्हणाल्या,

"लग्न लावा की हितं. बारसं करा. डोहाळजेवण करा, माझी हिरवी साडी देते. मयत तेवढं नको बाई. नांदतं घर हाय."

"आई, खोटं असतं ते," शकू म्हणाली.

"खोटं लग्न चालतंय. खोटं मयत न्हाय चालत."

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "शकुंतलाबाई, कायद्यानं माझी काही हरकत नाही. पण आईचा मनाई हुकूम आहे, आणि त्यावर अपील नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "असं करता का? नवरा मरण्याऐवजी बेपत्ता होऊ द्या. सात वर्षं पत्ता लागला नाही तर कायदा मेलाच असं धरतो."

शकूनं नम्रपणे सांगितलं की सात वर्षं थांबण्याइतकी फिल्म तिच्याकडे नाही. हे मात्र विनोदात नव्हतं. कोरी फिल्म परवान्यावर मिळायची आणि मिळाली ती बहुतेक संपली होती. कॅमेरामन दिनकरराव तो शेवटचा डबा तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसत. एक डबा, एक प्रवेश, एकच संधी. तो फसला की शेवट 'चांगल्या' दिग्दर्शकाकडे.

कोष्ट्यांच्या वस्तीत

आता सोलापुरात मला मरायला घर हवं होतं. आतली एक खोली, एक खिडकी, बाकी काही अट नाही. आम्ही महबूबभाईंचा टांगा ठरवला. महबूबभाईंची मान सदा तिरकी, आवाज मात्र सरळ चौकाच्या त्या टोकाला पोचणारा. काम काय ते त्यांना समजावून सांगितलं, आणि तीच आमची चूक झाली. प्रत्येक दारापुढे टांगा थांबवून ते आम्ही उतरायच्या आत पुकारा करायचे,

"ओ भाबी! ये साबकू मरनेकू घर होना!"

लोक धावत बाहेर यायचे. कोणी पाणी आणायचं, कोणी डॉक्टरला बोलावू का विचारायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी नाडी पाहिली आणि "अभी टाइम है" असं महबूबभाईंना हळूच सांगितलं.

मागवाल्या नरसय्यांच्या घरी आम्हाला फार आशा वाटली. तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब. घर म्हणजे पुढं माग, मागं चूल आणि मध्ये माणसं. खोली शकूला फार आवडली. खिडकीतून ऊन थेट मागावरच्या लाल-निळ्या सुतावर पडत होतं. नरसय्यांनी आमचं म्हणणं मन लावून ऐकलं, मग आत वळून बायकोशी तेलुगूत बोलले. बायको तेलुगूत बरंच बोलली. त्यातला 'वद्दू' एवढा एकच शब्द मला कळला, कारण तो फार वेळा आला. नको.

"मागावर नवं सूत चढलंय," नरसय्या अगदी कष्टी होऊन म्हणाले. "सूत चढलं की ते कापड उतरेपर्यंत घरात वंगाळ बोलत बी न्हाय आमी. मालक, मनात आणू नका."

आम्ही उठलो. ते मागोमाग टांग्यापर्यंत आले आणि माझ्या मांडीवर घडी घातलेली एक नवीकोरी चादर ठेवली. "मयतावर घालायला लागंल की," ते म्हणाले. "घरची हाय. असू द्या."

जगात कुठं मरायला जागा नाकारून वर पांघरूण भेट देतात, हे मला कोणी सांगावं. ती चादर आज आमच्या दिवाणावर आहे. पाहुणे नक्षीचं कौतुक करतात. ती कशासाठी मिळाली ते मी त्यांना चहा पिऊन झाल्यावर सांगतो.

अशी दिवसभरात किती घरं पालथी घातली आठवत नाही. सगळ्यांनी खाऊ घातलं, सगळ्यांनी नकार दिला. मारवाड्यानं दिला, मास्तरांनी दिला, एका नास्तिक म्हणवणाऱ्या कामगार पुढाऱ्यानंही दिला. "माझा विश्वास नाही," पुढारी म्हणाले, "पण मिसेसचा आहे."

सिद्धेश्वर तलाव

चारच्या सुमाराला आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. समोर पाण्यात देऊळ, बाजूला किल्ल्याची भिंत, हातात कागदात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली. महिनाभर टिकते आणि मोडताना असा आवाज करते की शेजारच्या माणसाला वाटतं आपलंच काही मोडलं. महबूबभाईंनी ती कुठूनशी आणली होती.

मला वाटलं, आता द्यावी. मी खिशातून बाटली काढली आणि शेठचा निरोप सांगितला. 'चांगले दिग्दर्शक' हे शब्द मी गाळणार होतो, पण माझ्या तोंडाला गाळणी नाही.

शकूनं बाटली उन्हात धरून पाहिली. मला वाटलं पाण्यात भिरकावेल. तिनं ती पिशवीत ठेवली.

"वसंता," ती म्हणाली, "वीस वर्षं मी कोणाच्या तरी 'स्टार्ट'ला रडले आणि 'कट'ला डोळे पुसले. चांगलं रडायचे म्हणून कामं मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर वेळी रडून झालं की मला वाटायचं, या बाईला काहीतरी म्हणायचं होतं. ते काय, हे लिहिणाऱ्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही. अश्रू आले की सगळे खूश. पुढचं दृश्य."

"मग या शेवटात ती काय म्हणते?"

"तिथंच अडलंय." ती हसली, पण मजेत नाही. "सगळा सिनेमा लिहिला. त्या पानावर फक्त लिहिलंय, ती त्याच्या पायाशी बसते. त्यापुढं दहा वेळा लिहिलं आणि दहा वेळा खोडलं. लिहिलं की ते भाषण वाटतं. आणि न लिहावं, तर माझी सवय मला माहीत आहे. मेलेला नवरा समोर आडवा दिसला की माझ्या डोळ्यांतून नळ सुटेल. बाटलीची गरजच नाही. शेठ जिंकले."

आम्ही गप्प बसलो. कडक भाकरीसोबत गप्प बसणं अवघड असतं. तेवढ्यात टांग्यापाशी उभे असलेले महबूबभाई म्हणाले, "बाई, ये भाकरीवाली अक्का है ना, बाळीवेसमें रहती. उसकू पूछेंगे?"

"तिथं तरी ओरडू नका," मी म्हटलं.

"नै साब," ते म्हणाले, आणि बाळीवेसच्या गल्लीत शिरताच ओरडले.

बाळीवेस

गंगाक्का ओट्यावर बसून भाकऱ्यांच्या चवडी बांधत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, म्हणजे लिंगायत. नवऱ्यामागे कडक भाकरीचा धंदा त्यांनी एकटीनं उभा केला होता. हाताखाली चार बायका, त्यांच्याशी कानडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि महबूबभाईंशी दोन्ही भाषांत एकदम भांडायच्या. पुकारा ऐकून त्यांनी हातातली सुतळी दातांनी तोडली.

"मरा की," त्या म्हणाल्या. "त्याला काय विचारायलाव?"

दिवसभरात पहिल्यांदा कोणी हो म्हटलं होतं.

"कोण मरणार? हे?" गंगाक्कांनी मला खालीवर न्याहाळलं. "अंगापिंडानं बरे हायत. बसतेल नीट."

"बसतील?" शकू म्हणाली.

"मग? आडवं करताव व्हय? माझ्या घरात आडवं न्हाय चालायचं. आमच्यात अंघोळ घालतेत, विभूती लावतेत, फुलं घालतेत आन् भिंतीला टेकून बसवतेत. लग्नातल्या नवऱ्यावानी. लोकं येतेत, समोर बसतेत, भजन म्हणतेत. जातंय बी माणूस बसूनच, मातीत बी बसूनच."

शकू एकदम मला म्हणाली, "वसंता, त्या भिंतीला टेकून बस. मांडी घाल. डोळे मीट."

मी बसलो. ती माझ्यासमोर जमिनीवर बसल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. मी एक डोळा किलकिला केला. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी तो लगेच मिटला.

"इतके नवरे गेले माझे," ती हळूच म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे. "सगळे आडवे. मी पायाशी, कॅमेरा माझ्या डोक्यावर. त्यांचं तोंड मला कधी दिसलंच नाही." मग दिवसभर टांग्यात डबा सांभाळत बसलेल्या कॅमेरामनला मोठ्यानं हाक मारली, "दिनकरराव! कॅमेरा जमिनीवर. माझ्या नजरेच्या उंचीला. त्याचा फक्त खांदा घ्या, बाकी सगळी मी."

गंगाक्कांच्या अटी होत्या. हातात लिंग द्यायचं नाही, मठाच्या स्वामींना बोलवायचं नाही: "ते खरं हाय. ते खोट्यात आणायचं न्हाय." आणि काम झालं की मयतानं आपल्या पायांनी उठायचं, त्याच जागी बसून हुग्गी खायची आणि पुढच्या दारानं गल्लीला दिसेल असं चालत जायचं. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. मी ही अट फारशी घासाघीस न करता मान्य केली.

"अक्का," शकूनं विचारलं, "सगळ्या गावानं नाही म्हटलं. तुम्ही हो कसं म्हटलं?"

गंगाक्का पुन्हा चवड बांधायला लागल्या. "आमचे ह्ये गदगला गेलते व्यापाराला. तिकडंच गेले. तिकडंच बसवलं, तिकडंच माती दिली. मी पोचले तवा नुसती माती." सुतळीला गाठ मारली. "समोर बसून दोन शब्द बोलायचे व्हते. राहिले. घर तवापासून थांबल्यावानी वाटतंय. बसू दे एकदा कोणतरी तितं."

निधन

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी अंघोळ, विभूती, झेंडूचे हार असा साग्रसंगीत शृंगार झाला. लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं. मान कलू नये म्हणून पाठीमागे धोतराची पट्टी काढून भिंतीतल्या खुंटीला बांधली. शकूनं पिशवीतून बाटली काढून खिडकीत ठेवली. लावायचं की नाही, तिचं ठरलं नव्हतं.

गंगाक्कांनी बाटली उचलली. "काय हे?"

"डोळ्यांना लावतात. रडायला येतं."

"पुण्यात रडायला बी औषध लागतंय व्हय?" त्यांनी दोन थेंब बोटांवर घेतले, चोळून पाहिले, आणि खाली बसून टाचांच्या भेगांना लावले. "हितं मस्त लागतंय," म्हणाल्या, आणि बाटली कमरेला खोचून चुलीकडे निघून गेल्या. शकू त्यांच्याकडे बघतच राहिली. बाटली परत मागितली नाही.

दुपारी गल्लीतल्या बायका आल्या, माझ्याभोवती बसल्या, कानडी भजन सुरू झालं. तोपर्यंत मी प्रेताच्या अडचणींचा सखोल अभ्यास केला होता. झेंडूचं फूल नेमकं नाकपुडीला लागतं. मांडी घातलेला पाय आधी मरतो. आणि शेजारच्या चुलीवर हुग्गी शिजत असेल, तर पोट मेल्याचं सोंग करत नाही. भजनाच्या एका कडव्यानंतर माझ्या पोटातून असा आवाज आला की पहिल्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "जीव हाय गं अजून!" ध्वनिमुद्रणवाल्या गृहस्थांनी पुन्हा तयारी केली. नशिबानं फिल्म सुरू झाली नव्हती.

"दिनकरराव," शकूचा आवाज आला, "मी थांबवणार नाही. डबा संपेपर्यंत चालू द्या."

"बाई, संवाद?"

"नाहीत."

"पण मग…"

"स्टार्ट," शकू म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून तिच्याच रडण्यासाठी, किंवा न रडण्यासाठी, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगावर काटा आला. प्रेताच्या अंगावर.

यापुढचं मी फक्त कानांनी सांगू शकतो, कारण माझे डोळे मिटलेले होते. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. भजन थांबलं. शकू येऊन समोर बसली. साडीची सळसळ, बांगड्या, एक श्वास. मग काही नाही. दूर कुठंतरी माग चालू होता. फिल्म पुढं सरकत होती. मी वाट बघत होतो तो हुंदका आला नाही. पण शब्दही आला नाही. एकदा तिनं ओठ उघडल्याचा आवाज आला, "अहो, मी…" आणि सवयीनं ती थांबली. चार दिवस, चाळीस वेळा, याच शब्दांवर मी उठून गेलो होतो. आता मी उठत नव्हतो, आणि पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. घरघर चालूच. डबा रिकामा होत होता. मला दिनकररावांचा श्वास ऐकू येत होता. शेठचा चेहरा बंद पापण्यांआड हसत होता. मनात आलं, संपलं. आता ही सवयीनं रडेल, आणि नाही रडली तर 'चांगले' येतील.

आणि त्याच वेळी बायकांच्या मागून, चुलीच्या दारातून, गंगाक्का काहीतरी बोलल्या. चित्रीकरण चालू आहे, आवाज करायचा नाही, हे सगळं त्यांना दहादा सांगितलेलं होतं. एकच वाक्य. ते मी शेवटाला राखून ठेवतो. इतकी वर्षं दुसऱ्या अंकात तार आणून दिलेल्या माणसाला एवढा एक शेवट मिळायला हरकत नाही.

त्या वाक्यानं काय झालं ते आधी ऐका. शकू हसली. अगदी लहान, नाकातून सुटल्यासारखं. मग ती बोलायला लागली. भाषण नाही. ती खिडकीबद्दल बोलली: मला पूर्वेला हवी होती आणि तुम्ही पश्चिमेला पाडलीत. तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत, म्हणाली. वांग्याची भाजी तुम्हाला आवडत नव्हती म्हणून मी इतकी वर्षं केली नाही, आणि मला ती फार आवडते, उद्या करणार आहे, म्हणाली. थांबत, हसत, एकदा चिडून, एकदा अगदी प्रेमानं. शेवटी काय बोलावं हे लिहिताना तिला सापडत नव्हतं. समोर कोणी बसलेलं मिळाल्यावर ते बाहेर आलं. भोवतीच्या बायकांतून मधूनच "व्हय की" ऐकू यायला लागलं.

ती रडली नाही. त्या खोलीत रडलं ते फक्त प्रेत. माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन विभूतीतून ओघळ काढत झेंडूत मुरलं. कॅमेऱ्यात माझा फक्त खांदा होता म्हणून सिनेमा वाचला.

फिल्म संपल्याची फडफड आली. कोणी 'कट' म्हटलं नाही. खुंटीवरून मला सोडलं, गंगाक्कांनी त्याच जागी हुग्गीची वाटी हातात दिली, आणि समोर बसून, मी खातो आहे हे नीट बघत राहिल्या. मग मी पुढच्या दारानं चालत बाहेर पडलो. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. महबूबभाई टांग्यावर उभे राहून ओरडले, "साब जिंदा है!"

पुण्याला शेठनी तो शेवट पाहिला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो होतो. रडण्याची वाट बघत ते खुर्चीच्या कडेला आले. मग हळूहळू मागं टेकले. दिवे लागल्यावर बराच वेळ चष्मा पुसत होते. "दुसरा कोणी नको," एवढंच म्हणाले. मग जरा घुटमळून, "घरी लावायला फोन आहे का इथं कुठं? मिसेसशी जरा बोलायचं होतं."

ध्वनिमुद्रण साफ करताना मागचा तो आवाज पुसायचा की ठेवायचा, असं शकूला विचारलं गेलं. तिनं ठेवला. पुढच्या सिनेमाची गोष्ट तिनं लिहायला घेतली आहे. गंगाक्कांना भेटायला म्हणून पुन्हा सोलापूरला जाऊनही आली. चित्र लागलं आणि तुम्ही गेलात, तर शेवटच्या त्या शांततेत कान द्या. अंधारातून एक बाई, हातात हुग्गीचा डाव, टाचांना ग्लिसरीन, न राहवून मोठ्यानं म्हणते,

"बोल की गं बाई, आता कुटं उठून जातोय त्यो!"